रंगाच्या बंदुकीला गंध

एकनाथराव हे सुरक्षा खात्यातले माणूस. म्हणजे त्यांनी स्वतः कुठलं यंत्र कधी चालवलं नव्हतं, पण यंत्र चालवणाऱ्यांना भाषणं देण्यात त्यांची उभी हयात गेली होती. बाळानगरकडच्या एका मोठ्या कारखान्यात ते एकतीस वर्षं सुरक्षा अधिकारी होते. या एकतीस वर्षांत कारखान्यात एकही गंभीर अपघात घडला नाही, असं त्यांच्या निरोपसमारंभाच्या मानपत्रात सोनेरी अक्षरांत छापलेलं आहे. बरकतपुऱ्यातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ते मानपत्र सोफ्यासमोरच्या भिंतीवर टांगलेलं असतं. पाहुण्याला ते वाचावंच लागतं, आणि त्यानं नाही वाचलं तर एकनाथराव स्वतः वाचून दाखवतात.

अपघात होत नव्हते ते कसे, हे मात्र कुणी विचारत नसे. त्यांची पद्धत सोपी होती. कामगाराला काही लागलं की ते स्वतः नोंदवही पुढे ओढत आणि समोर 'किरकोळ' असा शेरा मारत. साहेबांचा शेरा बसला की जखमेची पुढे वाढायची हिंमत होत नसे, निदान कागदावर तरी. याची भरपाई म्हणून दर मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह दणक्यात व्हायचा. घोषवाक्यांची स्पर्धा, फलक, सामुदायिक शपथ आणि शेवटी गुलाबजाम.

निवृत्तीनंतर ही सगळी विद्या मंजिरी रेसिडेन्सी या चाळीस फ्लॅटांच्या इमारतीच्या वाट्याला आली. अध्यक्ष अर्थातच एकनाथराव. त्यांनी आल्या आल्या लिफ्टमध्ये 'लिफ्टमध्ये उड्या मारू नयेत' असा फलक लावला. तोवर कुणीच मारत नव्हतं. फलक वाचून तिसऱ्या मजल्यावरच्या मुलांना ती कल्पना सुचली आणि लिफ्ट दोन दिवस बंद पडली. यावर एकनाथरावांचं म्हणणं असं, की बघा, फलक किती गरजेचा होता.

यंदा इमारतीला बाहेरून रंग द्यायचं ठरलं. दिलसुखनगरच्या कंत्राटदारानं ब्रश आणि रोलरची फौज न पाठवता एक यंत्र पाठवलं आणि यंत्राबरोबर प्रबुद्धला पाठवलं. प्रबुद्ध पस्तिशीचा, कंत्राटदाराकडे पगारावर असलेला ऑपरेटर. घर विद्यानगरला, मूळ गाव नांदेडकडे. त्यानं या यंत्राचं रीतसर शिक्षण घेतलं होतं आणि तो ते गंभीरपणे घेत असे. एकनाथरावांना ही गोष्ट जरा खटकायची, कारण सुरक्षेबद्दल गंभीर असण्याचा मान त्या इमारतीत आधीच दिलेला होता.

यंत्र दिसायला अगदी गरीब. एक पंप, बादलीत सोडलेली नळी, लांब काळा पाइप आणि पाइपाच्या टोकाला पिस्तुलासारखी बंदूक. पण पंप बादलीतला रंग ओढून पाइपात असा दाबायचा की आतला दाब गाडीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट व्हायचा. बंदुकीच्या तोंडाशी सुईएवढं भोक. त्यातून सुटलेला रंग भिंतीवर पंख्यासारखा पसरायचा आणि तासाभरात अख्खी बाजू पांढरी करायचा. प्रबुद्धला पहिल्याच दिवशी रहिवाशांना चार गोष्टी सांगायच्या होत्या. एकनाथरावांनी त्याला थांबवलं.

"ते उद्घाटनाच्या दिवशी सांग," ते म्हणाले. "कार्यक्रमपत्रिकेत तुला नववा क्रमांक दिला आहे. माझ्या आणि प्रमुख पाहुण्यांच्या भाषणानंतर."

उद्घाटन खंडेनवमीला. त्या दिवशी घराघरात हत्यारांची, अवजारांची पूजा होते; स्कूटरला झेंडू, शिलाई मशीनला हळदकुंकू. रंगाच्या यंत्राची पूजा करून कामाचा नारळ फोडायला यापेक्षा चांगला दिवस कुठला? एकनाथरावांच्या पत्नी भामाबाईंनी पंचांग बघून मुहूर्त काढला, नऊ वाजून बेचाळीस मिनिटं. एकनाथरावांनी प्रमुख पाहुणे म्हणून आबासाहेबांना बोलावलं. आबासाहेब म्हणजे त्याच कारखान्याचे निवृत्त महाव्यवस्थापक. मानपत्रावर सही त्यांचीच.

सकाळी प्रबुद्धनं यंत्र चालू करून मागच्या भिंतीवर एक पट्टा मारून बघितला. सगळं ठीक होतं. नऊ पस्तीसला एकनाथराव रेशमी कुडत्यात खाली उतरले. मागे ताट घेऊन भामाबाई, पुढे मोबाइल धरून सोसायटीचा सेक्रेटरी प्रशांत.

"यंत्र बंद कर," एकनाथरावांनी हुकूम सोडला.

प्रबुद्धनं बटण बंद केलं. पंपाची घरघर थांबली. "सर, मोटार बंद झाली, पन पायपात प्रेशर तसंच ऱ्हाते," तो म्हणाला. "जरा ठैरा. ही झडप खोलून बादलीत सोडून देतो. पाच मिनिटाचं काम हाय."

"पाच मिनिटांत मुहूर्त जाईल. बटण बंद केलंस ना? आवाज थांबला ना? मग यंत्र बंद. एकतीस वर्षं यातच काढली आहेत मी."

"सर, आवाजाचं काही नसते याच्यात..."

"हे बघ प्रबुद्ध, तू पूजेला बसणार नाहीस हे मला माहीत आहे. तुमच्यात हे नसतं. आमची काही हरकत नाही, आम्ही समजून घेतो. तू जरा तिकडे उभा राहा."

हे वाक्य आपण फार मोठ्या मनानं बोललो, असं एकनाथरावांना वाटलं. प्रबुद्धच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते त्यांनी पाहिलं नाही, कारण ते कॅमेऱ्याकडे बघत होते.

"निदान हा खटका असाच राहू द्या," प्रबुद्धनं बंदुकीवरची छोटी दांडी दाखवली. "लॉक लावलंय. आन तोंडापुढं बोट नक्को, सर. बिल्कुल नक्को." एवढं सांगून तो सांगितलेल्या जागी जाऊन उभा राहिला.

पूजा यथासांग सुरू झाली. पंपाला हार झाला. बादलीला कुंकू लागलं. पाइपाला लिंबू आणि मिरच्या बांधल्या गेल्या. राहिली बंदूक. तिच्यावर झेंडूची माळ नीट बसेना, कारण तो खटका मध्ये येत होता. एकनाथरावांनी खटका अंगठ्यानं बाजूला केला. माळ झकास बसली.

"काका, एकदम अल्टिमेट!" प्रशांत ओरडला. "गन डाव्या हातात घ्या. बोट ट्रिगरवर. हौ, अस्संच! आता दुसऱ्या हातानं गंध लावा, मी व्हिडिओ घेतो."

एकनाथरावांनी उजव्या हाताची अनामिका गंधात बुडवली. बंदुकीच्या तोंडाला दोन बाजूंनी प्लॅस्टिकचे पिवळे कान होते. चुकूनसुद्धा कुणाचं बोट भोकाशी जाऊ नये, एवढ्यासाठीच ते बसवलेले असतात. आता बाकीच्या यंत्राला कुठेही गंध लावलं असतं तरी देवाची काही तक्रार नव्हती. पण एकनाथरावांना अर्धवट काम कधी आवडलं नाही. त्यांनी दोन कानांच्या मधून बोट नेलं आणि नेमकं भोकावर टेकवलं.

"स्माइल, काका!"

एकनाथराव सर्वांगानं हसणारे गृहस्थ होते. हसताना खांदे वर गेले, पाठ ताठ झाली आणि डाव्या हाताची मूठ आवळली.

फुस्स, असा आवाज आला. बस, एवढंच. काही लोकांना वाटलं हेच उद्घाटन, त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकनाथरावांनी बोट बघितलं. गंध उडून गेलं होतं आणि टोकाला मोहरीएवढा पांढरा ठिपका होता. रक्ताचा थेंब नाही. दुखतही नव्हतं.

प्रबुद्ध धावत आला. त्यानं बंदूक काढून घेतली, लॉक लावलं आणि झडप फिरवली. 'बंद' यंत्रातून रंगाचा असा जोराचा फवारा बादलीत सुटला की बादली हलली आणि पहिल्या रांगेतल्या बायका मागे सरकल्या. मग त्यानं गळ्यातल्या ओळखपत्रामागून एक पिवळं कार्ड बाहेर काढलं.

"सर, ही साधी जखम न्हाई. भोक बारीक हाय, पन रंग आत घुसलाय, बोटाच्या मुळापोत्तर गेला असंल. आत्ताच्या आत्ता हाताच्या सर्जनकडं चला. हे कार्ड डॉक्टरला दाखवायचं असते. उशीर केला तर बोट जाते."

भर अंगणात चाळीस कुटुंबं बसली होती. समोर आबासाहेब खुर्चीत, हातात गुलाबाचं फूल. एकनाथरावांनी ठिपक्याकडे पाहिलं, आबासाहेबांकडे पाहिलं आणि सवयीनं तोंडातून शब्द निघून गेला.

"किरकोळ आहे."

"अहो, तो एवढा परेशान होऊन सांगायलाय," भामाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "जाऊन तरी या."

"कार्यक्रम टाकून? टाचणी टोचल्याएवढं नाही ते."

भामाबाईंनी ताटातली चिमूटभर हळद त्या ठिपक्यावर दाबली आणि कार्यक्रम पुढे सरकला.

प्रथम सुरक्षेची शपथ झाली. एकनाथरावांनी उजवा हात पुढे केला आणि त्यांच्यामागून साऱ्या इमारतीनं म्हटलं, की आम्ही यंत्राजवळ वावरताना सर्व नियमांचं पालन करू. 'पालन' शब्दाशी बोटात एक ठणका उठला. मग त्यांचं भाषण झालं, पंचवीस मिनिटं. मग आबासाहेबांचं, चाळीस. आबासाहेबांनी सांगितलं की एकनाथरावांसारखा सुरक्षा अधिकारी त्यांनी दुसरा पाहिला नाही, आणि ते खोटं नव्हतं. मग शाली, मग श्रीफळं, मग फोटो. नववा क्रमांक येईपर्यंत मुलं भुकेनं रडायला लागली, म्हणून प्रशांतनं प्रबुद्धचे 'वेळेअभावी' आभार मानले आणि जेवणाची घोषणा केली.

जेवताना एकनाथरावांना पुरी तोडता येईना. बोट फुगून टणक झालं होतं, रंग फिका पडला होता, आणि दाबून पाहिलं तर ते आपलं वाटतच नव्हतं. त्यांनी डाव्या हातात चमचा घेतला. सणाच्या पंगतीला डावा हात! भामाबाईंनी पाहिलं, पण चारचौघांत नवऱ्याला काही म्हणायची त्यांना सवय नव्हती. जिन्यापाशी प्रबुद्ध स्कूटरची चावी हातात घेऊन सकाळपासून उभा होता. त्यालाही पान वाढलं होतं. त्यानं हात लावला नव्हता.

दोन वाजता आबासाहेबांची गाडी फाटकाबाहेर गेली. तेव्हा कुठे एकनाथराव भामाबाईंना घेऊन गल्लीतल्या दवाखान्यात गेले. तिथे विवेक नावाचे तरुण डॉक्टर बसत.

"काय झालं, काका?"

खरं तर एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य कसं बोलायचं? मी सुरक्षा अधिकारी, मी दाबाखालच्या बंदुकीच्या तोंडात बोट घातलं? हे डॉक्टर याच गल्लीत राहणार. संध्याकाळपर्यंत मेडिकलवाल्याला कळणार, उद्या आबासाहेबांना.

"नारळाची शेंडी टोचली," एकनाथराव म्हणाले.

भामाबाईंनी त्यांच्याकडे मान वळवून पाहिलं. डॉक्टरांनी नारळाला साजेसा उपचार केला. धनुर्वाताचं इंजेक्शन, पाच गोळ्या, छोटी पट्टी, तीन दिवसांनी दाखवा. एकनाथरावांना फार बरं वाटलं. आता डॉक्टरांनीच किरकोळ ठरवलं म्हटल्यावर प्रश्न मिटला होता.

प्रश्न तीन वाजेपर्यंत मिटलेला राहिला. मग बोटातून कळ सुरू झाली, ती तळहातात उतरली आणि मनगटाकडे चढली. एकनाथराव हात उशीवर ठेवून सोफ्यावर बसले होते आणि पहिल्यांदाच त्यांना भीती वाटत होती. साधी, लहान मुलासारखी भीती. तेवढ्यात दारावर टकटक झाली. प्रबुद्ध होता.

"डॉक्टरला कार्ड न्हाई दाखवलं ना?" त्यानं विचारलं. "काय सांगितलं?"

"नारळ," आतून भामाबाईंनीच उत्तर दिलं.

प्रबुद्ध दारातच खाली बसला. मग म्हणाला, "सर, एक काम करा. माझ्यावर टाका. म्हना की मी बंदूक साफ करायलो होतो आन माझ्याच हातून उडाली. तुमचं नाव येत न्हाई. पन रंग आत गेलाय, हे सांगा. नौकरीचं बघता येईल. बोट गेलं तर काय बघता?"

एकनाथरावांना हा प्रस्ताव आवडला, हे इथे लपवून उपयोग नाही. तो त्यांना इतका आवडला की ते लगेच चपला घालायला उठले. जिना उतरता उतरता त्यांनी त्या कहाणीत दोन सुधारणाही सुचवल्या.

हाताच्या सर्जन अनुराधा मॅडमनी पिवळं कार्ड वाचलं, पट्टी सोडली आणि पुढच्या दहा मिनिटांत एकनाथरावांचा एक्स-रे निघाला, हाताला सलाइन लागलं आणि अंगात हिरवा अंगरखा आला. एवढी घाई आहे हे कुणी आधी सांगितलं असतं तर, असं एकनाथरावांच्या मनात आलं, आणि लगेच ते ओशाळले.

"किती वाजता झालं?" मॅडमनी विचारलं.

"नऊ बेचाळीस," भामाबाई म्हणाल्या.

मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून गेले होते. "सहा तास! रंग नुसता आत जात नाही, आजी, तो आतलं सगळं कुजवत जातो. एक्स-रेत तळहातापर्यंत दिसतोय. हात मी वाचवीन. बोटाचं आत्ता काही सांगत नाही, पण वरची दोन पेरं ठेवता येतील असं वाटत नाही. दहा वाजता आला असता तर गोष्ट वेगळी होती." मग त्या प्रबुद्धकडे वळल्या. "ऑपरेटर तुम्ही ना? बंदूक तुमच्या हातून उडाली म्हणता, गळ्यात हे कार्ड आहे, आणि पेशंटला तुम्ही सहा तास घरी बसवून ठेवलं? तुम्हाला काही शिकवतात की नाही?"

प्रबुद्धनं मान खाली घातली. "चूक झाली, मॅडम."

ठरल्याप्रमाणे सगळं चाललं होतं. आता एकनाथरावांनी फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते काम त्यांना जमण्यासारखं होतं. पण खाली घातलेली ती मान त्यांना बघवेना. 'चूक झाली, साहेब.' त्यांच्या केबिनमध्ये, टेबलापलीकडे उभं राहून किती जण हे म्हणून गेले असतील. चूक खरंच कुणाची होती, हे एकनाथरावांनी कधी विचारलं नव्हतं. शेरा आधी तयार असायचा.

"यानं काही केलं नाही," ते म्हणाले.

"अहो," भामाबाई म्हणाल्या.

"यानं काही केलं नाही, मॅडम. हा पाच मिनिटं मागत होता, मी दिली नाहीत. हा बोट नको म्हणाला, मी घातलं. लॉक यानं लावलं होतं, मी काढलं. लगेच तुमच्याकडे चला म्हणाला, आणि मी भाषण केलं."

मॅडम त्यांच्याकडे वळल्या. "एवढं माहीत असलेला माणूस जवळ होता, तर ऐकलं का नाही? असं काही होतं, हे तुम्हाला आधी कधी कुणी सांगितलंच नव्हतं का?"

"सांगितलं होतं," एकनाथराव म्हणाले. "सूर्यभान नावाचा फिटर होता आमच्याकडे. प्रेस मशीनच्या पाइपातून दाबाखालचं तेल कुठून गळतंय ते त्यानं हातानं चाचपून पाहिलं. तळहाताला एवढंसं भोक पडलं होतं. मला म्हणाला, साहेब, आतून जळतंय. मी म्हटलं, कामावर जा."

"सूर्यभान?" भामाबाईंनी विचारलं. "ते दिवाळीला घरी यायचे ते? तुम्ही म्हणालात, त्यांचा हात गावाकडं कडबा कापायच्या मशीनमध्ये गेला."

"मीच तसं लिहायला लावलं. नाहीतर अपघात मोजला गेला असता."

नर्सनं स्ट्रेचरची कडी सोडली. दारापाशी प्रबुद्ध भिंतीला टेकून उभा होता आणि एकनाथरावांकडे एकटक बघत होता. भामाबाईंनी इतका वेळ नवऱ्याच्या खांद्यावर ठेवलेला हात काढून घेतला.

"किती बोटं गेली त्यांची?" त्यांनी विचारलं.

"तीन," एकनाथराव म्हणाले. "मग मी त्याला गेटवर बसवलं, रजिस्टर सांभाळायला. नोकरी ठेवली म्हणून तो पेढे घेऊन माझे आभार मानायला आला होता, भामा. आणि मी ते पेढे खाल्ले."